शेपटीच्या केसावरून मांस मऊ निघणार का?

रॉकहॅम्प्टनकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. शिकलो परभणीला, पशुवैद्यक. सध्या ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलँड राज्यातल्या रॉकहॅम्प्टनजवळ मांसाच्या गुरांच्या एका मोठ्या रानावर नोकरी. इथे अशा रानाला स्टेशन म्हणतात. गुरं ब्रॅह्मन जातीची. (नावावरचे विनोद माझे करून झालेत, नवीन असेल तरच टाका.) वशिंड, लोंबती पोळी, पडके कान. पहिल्या दिवशी वाटलं, सांगोल्याच्या बाजारातच उतरलो की काय.

गेल्या आठवड्यात शंभरेक खोंडांच्या शेपटीचे केस उपटले. जनावर खोड्यात घ्यायचं, गोंड्यातली चार-पाच केसांची बट बोटाला गुंडाळायची आणि हिसका द्यायचा. टोकाला पांढरट गाठ दिसली पाहिजे. डीएनए त्या मुळात असतो, मधूनच तुटलेला केस फुकट. असे वीसेक केस कार्डावर चिकटवायचे, वर बिल्ल्याचा नंबर टाकायचा. त्यावरून प्रयोगशाळा वळूचे अंदाज काढून देते: वाढ, मार्बलिंग म्हणजे मांसातली चरबीची जाळी, मांसाचा मऊपणा, लेकींची गाभण राहण्याची क्षमता.

आमचा म्हातारा मालक म्हणतो, "वळू चालताना बघ, तेवढं पुरे." माझं मत उलट आहे. मऊपणासाठी वळू निवडायचा तर केसावरच निवडावा, कारण डोळ्यांना तो दिसतच नाही. कापल्यानंतर स्नायूतली कॅल्पेन नावाची विकरं मांस मऊ करतात, कॅल्पास्टॅटिन त्यांना आवर घालतं. वशिंडवाल्या गुरांत हे कॅल्पास्टॅटिन जास्त, म्हणून मांस चिवट. मार्बलिंग निदान जिवंत जनावरावर सोनोग्राफीने बघता येतं. मऊपणा मोजायला जनावर कापावंच लागतं, आणि ज्याचं मांस मऊ निघालं तो वळू तर हुकाला टांगलेला! मुलं वाढवून, कापून बापाची परीक्षा घ्यायची म्हटलं तर चार-पाच वर्षं सहज जातात.

तुमचं मत सांगा. शिव्याही चालतील.

शंकासुर

महाराष्ट्रात 2015 पासून बैल कापायलाही बंदी आहे. इथल्या वाचकाने या धाग्याचं करायचं काय, लोणचं?

रॉकहॅम्प्टनकर

वाचायचं. लोणचं घातलंत तरी हरकत नाही. गाय कापावी की नाही हा वाद इथे नको, त्यावर शेकडो प्रतिसादांचे धागे पडलेत. ज्या देशात हा धंदा कायदेशीर आहे तिथे तो कसा करावा, एवढंच विचारतोय.

सुरीवाला

मी ऑस्ट्रेलियातल्याच एका कत्तलखान्यात ग्रेडर आहे, म्हणजे धडांची प्रत ठरवतो. मूळ गाव मालवण, आजी अजून विचारते "तू थय नक्की करतंस काय?" रोज शेकडो धडं डोळ्यांखालून जातात, म्हणून सांगतो डॉक्टर, तुम्ही चुकीच्या टोकाने सुरुवात करताय.

मीट स्टँडर्ड्‌स ऑस्ट्रेलियाच्या पद्धतीत आम्ही वशिंडाची उंची मोजतो, हाडं किती पिकलीत ते बघतो, मार्बलिंग बघतो, पीएच म्हणजे मांसाची आम्लता मोजतो. पीएच 5.7 च्या वर गेला की धड बाद. तो का वाढतो? जनावर घाबरलं, उपाशी राहिलं, अनोळखी कळपात घालून झुंजवलं, की स्नायूतलं ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, संपतं. मग मांस काळपट पडतं. वळू कितीही गुणी असो, ट्रकवाल्याने रात्रभर विजेची काठी टोचली असेल तर तुमचे वीस केस काय करणार?

दुसरं, धड टांगायचं कसं? खुराजवळच्या शिरेला टांगलं तर पाठीचे-मांडीचे स्नायू आकसतात. कमरेच्या हाडात हूक घातला तर ते ताणले जातात. याला टेंडरस्ट्रेच म्हणतात. वर धडाला विजेचा झटका नीट दिला, दोन-तीन आठवडे मांस पिकू दिलं, की ब्रॅह्मनचंही पुष्कळ मऊ होतं. यातलं काहीच पुढच्या पिढीची वाट बघत नाही, आज दुपारच्या पाळीला सुरू करता येतं.

रॉकहॅम्प्टनकर

ट्रकचं शंभर टक्के मान्य. माझ्या डोळ्यांदेखत चांगला भरलेला लॉट असा वाया गेलाय. पण टेंडरस्ट्रेच प्रत्येक धडाला, रोज, पुन्हा पुन्हा करावं लागतं. त्याला शीतगृहात जागाही जास्त लागते, म्हणून किती कारखाने ते टाळतात हे तुम्हीच सांगा. वळू एकदा निवडला की त्याचं रक्त लेकी-नातींतून फुकट पुढे जातं. आणि तुम्ही वशिंडाची उंची मोजून आमचे गुण कापता! म्हणजे जातीबद्दल शिक्षा करायची आणि जात सुधारायला निघालं तर "गरज नाही" म्हणायचं?

सुरीवाला

शिक्षा वशिंडाला नाही, खाणाऱ्यांनी दिलेल्या गुणांना आहे. चव घेणाऱ्यांना ताटातल्या तुकड्याची जात सांगितलेली नसते.

संख्याबाज

पशुपैदास आणि संख्याशास्त्र हाच पोटापाण्याचा उद्योग, त्यामुळे थोडं लांबलचक होणार. दोघांचेही कान धरतो.

"मऊपणाचं जनुक" हा शब्दच आधी फेकून द्या. 2000 च्या आसपास डीएनएमधल्या दोन-चार खुणांच्या चाचण्या बाजारात आल्या: मार्बलिंगसाठी थायरोग्लोब्युलिनच्या जनुकाची, मऊपणासाठी कॅल्पेन-कॅल्पास्टॅटिनच्या जनुकांची. तारे देऊन वळू विकले गेले, जणू हॉटेलंच. त्या खुणांचा परिणाम खोटा नव्हता, पण एकूण फरकातला लहानसा हिस्सा तेवढा त्या सांगत. हे गुण शेकडो-हजारो जनुकांच्या बारीक बारीक वाट्याने ठरतात. जाहिरात मात्र अशी झाली की बटण दाबलं की स्टेक मऊ. लोकांचे हात पोळले आणि पुढच्या चांगल्या कामाकडेही ते संशयाने बघू लागले.

चांगलं काम म्हणजे 2001 साली म्यूविसेन, हेस आणि गोडार्ड या संशोधकांनी मांडलेली कल्पना. एकेक जनुक शोधत बसू नका, सगळ्या जीनोमभर, म्हणजे जनावराच्या संपूर्ण डीएनएभर, दाट खुणा घ्या आणि सगळ्यांचा परिणाम एकदम मोजा. 2009 मध्ये गाईचा जीनोम प्रसिद्ध झाला (डॉमिनेट नावाची हेरफोर्ड गाय होती) आणि त्याच सुमारास पन्नास हजार खुणा एकदम तपासणारी चिप हाताशी आल्यावर ते व्यवहारात उतरलं.

पण डॉक्टर, ग्यानबाची मेख पुढेच आहे. अंदाज बांधायला संदर्भ कळप लागतो: ज्यांचे केसही आहेत आणि कापून मोजलेलं मांसही आहे, अशी हजारो जनावरं. अँगस या बिनवशिंडाच्या जातीवर शिकवलेलं गणित ब्रॅह्मनला लावलं तर जवळपास अंदाजपंचे. मार्बलिंगमधल्या फरकाचा साधारण चाळीस टक्के वाटा आनुवंशिक असतो, मऊपणाचा सहसा त्याहून कमी. आणि मऊपणा मोजलेली ब्रॅह्मन धडं मुळातच थोडी. म्हणून विचारतो, तुमच्या अहवालात मऊपणाच्या आकड्याशेजारी अचूकता किती छापलीय?

रॉकहॅम्प्टनकर

बघितली. मऊपणाची सगळ्यात कमी आहे. वाढीची बरीच बरी.

संख्याबाज

मग ज्या रकान्यावर सगळ्यात कमी भरवसा, त्याच्यावरच वळू निवडायला निघालात.

गोठेवाली

मी फलटणची, बारा गाईंचा दुधाचा गोठा. बीफमधलं काही कळत नाही, पैशाचं कळतं. डॉक्टरदादा, मऊ मांसाचे पैसे तुमच्या मालकाला देतं कोण?

आमच्या डेअरीत फॅट आणि एसएनएफवर (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) दर आहे, म्हणून आम्ही वळू बघताना फॅट बघतो. उद्या नुसत्या लिटरवर दर लावा, कुणी फॅटचं नाव काढणार नाही. चाचण्यांचंही बघितलंय. ऑक्टोबर 2024 मध्ये वाशिमला देशी गाईंच्या जीनोम चिपचं उद्घाटन झालं. गावातल्या एकाने मला लगेच विचारलं, "वहिनी, ती चिप कानात बसवतात का?" त्याला सांगितलं, अरे, आधी माझ्या कुठल्या गाईने किती दूध दिलं याची वही धड ठेव.

रॉकहॅम्प्टनकर

ताई, बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. आमची निम्मी खोंडं जहाजाने जिवंत इंडोनेशियाला जातात. तिथे दर किलोवर. मांस बाजारात त्याच पहाटे विकलं जातं, बाक्सो नावाचे मांसाचे गोळे होतात नाहीतर रेंडांग नावाचं कालवण तासन्‌तास शिजतं. मऊपणाचं तिथे कुणालाच पडलेलं नाही. उरलेली निम्मी ग्रेडिंगला जातात, तिथे दर मिळतो.

सुरीवाला

म्हणजे निम्म्या मालासाठी सगळा वळू बदलणार!

रॉकहॅम्प्टनकर

वळू तसाही बदलायचाच असतो, सहा-सात वर्षांनी. आणि केसांचे दुसरे उपयोग तुम्ही कुणी धरलेच नाहीत. आमच्या एकेका कुरणात पाच-सात वळू एकदम सोडलेले. वासराचा बाप कोण, हे बाप्पालाच ठाऊक. डीएनए आल्यावर कळलं की मालकाचा लाडका, "चालताना बघ" वाला, हंगामभर मिरवला आणि त्याच्या नावावर दोन वासरं. दोन! त्या दिवशी म्हातारा रात्री जेवला नाही. शिवाय ब्रॅह्मनमध्ये पॉम्पे हा रोग आहे. आईबाप दोघेही वाहक असले तर चारातलं एक वासरू काही महिन्यांत खंगून मरतं. वाहक दिसायला ठणठणीत. तो चालताना कसा ओळखणार?

सुरीवाला

याला माझा विरोध कधी होता? बाप ओळखा, रोग ओळखा. माझा आक्षेप स्टेकच्या स्वप्नावर आहे.

कृष्णाकाठ

सगळं वाचलं. मी सांगली जिल्ह्यातला, घरात खिलार. खोंड घेताना आमचे आजोबा भोवरे मोजायचे, शिंगाची ठेवण बघायचे. अडाणी म्हणा हवं तर, पण भोवऱ्यावरून खोंड घेणारी हजार माणसं हजार वेगवेगळे खोंड घेतात. चिपवरून घेणारे सगळे त्याच चार वळूंचं वीर्य घेतात. 2008 मध्ये अमेरिकेत अँगसचं काय झालं? एका नावाजलेल्या वळूचं रक्त देशभर पसरलं होतं, आणि त्यातूनच वाकड्या पाठीची मेलेली वासरं जन्मू लागली. तुम्ही मांस मऊ कराल, पण उन्हात टिकणं, गोचीड न लागणं, वाळल्या गवतावर जगणं हे हळूच गळून गेलं तर? इथून ही गुरं नेली ती त्याच्यासाठीच.

आणि नेली कुठून, तेही लिहितो, कारण इथे कुणालाच आठवलेलं दिसत नाही. अमेरिकेत ब्रॅह्मन घडवताना गीर, कांकरेज, ओंगोल यांच्याबरोबर आमची कृष्णा व्हॅलीही होती. सांगली-मिरजेच्या संस्थानिकांनी काळ्या चिकट जमिनीत नांगर ओढायला घडवलेली जात. 1933 मध्ये ब्रॅह्मन ऑस्ट्रेलियात पोचली. तिथे तुमच्या हजारो गुरांची कार्डं भरताहेत, आणि इथे कृष्णा व्हॅलीची अस्सल गाय बघायची तर दिवसभर मोटारसायकल फिरवावी लागते.

संख्याबाज

अँगसची गोष्ट खरी, पण अर्धीच सांगितलीत. ते वाहक शोधून काढले तेही डीएनए चाचणीनेच, काही महिन्यांत. रक्त एकवटण्याचा धोका मात्र पूर्ण मान्य. डॉक्टर, तुमच्याच क्वीन्सलँडात त्याच बेन हेस यांच्या गटाने सुमारे 30,000 कालवडी तपासल्या, त्या मांसासाठी नाही, वेळेवर माजावर येतात का यासाठी. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेत पैसा तिथे बुडतो. त्या रकान्याने वळू निवडा, मऊपणा बरोबरी झाली तरच बघा.

रॉकहॅम्प्टनकर

मालकाला हेच सांगून बघतो. त्याच्या लाडक्याचा तो रकानाही चांगला नाही, तेव्हा जेवणानंतर सांगेन.

सुरीवाला

आणि ट्रकवाला बदला.

कृष्णाकाठ

संख्याबाज, एक विचारू? डॉक्टरांच्या त्या शंभर खोंडांत कृष्णा व्हॅलीचं रक्त किती उरलंय, हे चिपवर कळेल का?

संख्याबाज

अवघड आहे. ती जातच गीर, ओंगोल, कांकरेज आणि हळ्ळीकार यांच्या संकरातून आलेली, त्यामुळे कुठला तुकडा थेट गीरचा आणि कुठला तुमच्या नदीकाठावरून गेलेला, हे सोडवणं कठीण. काही तरी कळायचं तर आधी तुमच्याकडच्या अस्सल गाई हव्यात. तीस-चाळीस तरी, एकमेकींच्या नात्यातल्या नकोत.

कृष्णाकाठ

तीस मिळतील का माहीत नाही. रविवारी निघतो. केस कसे घ्यायचे म्हणालात डॉक्टर?

रॉकहॅम्प्टनकर

बोटाला गुंडाळून हिसका. गाठ दिसली पाहिजे. आणि मागे उभे राहू नका, बाजूला राहा.