सरकारी टेंडरमध्ये लाकूड कायदेशीर आणि शाश्वत असल्याची अट कशी टाकायची?

ग्रंथालयाचं_काम:
नमस्कार मंडळी. विदर्भातल्या एका नगरपरिषदेत जेई (कनिष्ठ अभियंता) आहे. नवीन ग्रंथालयाचं काम निघतंय, चौकटी, पॅनेल डोअर, खिडक्या, वर वाचनकक्षातली टेबलं, म्हणजे लाकूड बऱ्यापैकी लागणार. जुना मसुदा काढला तर त्यात "बर्मा टीक किंवा समतुल्य" असं लिहिलेलं, प्लायपुढे फक्त आयएसआय मार्क, आणि लाकूड कुठल्या जंगलातून आलं याबद्दल एक ओळ नाही. मला हे असंच पुढे ढकलायचं नाहीये. जनतेच्या पैशातून चोरटं लाकूड घेतलं जाऊ नये एवढी साधी इच्छा आहे. पण अकाउंटवाले म्हणतात जास्त अटी टाकल्या की स्पर्धा कमी होते आणि ऑडिट पॅरा (लेखापरीक्षणातला आक्षेप) निघतो. नक्की कुठला कागद मागायचा? टीपी (लाकडाचा वाहतूक परवाना) असली की झालं का?

वनखात्यातला_जुना:
आधी ते "बर्मा टीक" काढून टाका. म्यानमारने 1 एप्रिल 2014 पासून गोल लाकडाची निर्यात बंद केली, आणि 2021 च्या लष्करी उठावानंतर तिथल्या सरकारी लाकूड महामंडळावर अमेरिका, युरोप, ब्रिटन सगळ्यांनी निर्बंध घातलेत. आपल्याकडे तसे निर्बंध नाहीत म्हणून माल येतो, पण नगरपरिषदेने नाव घेऊन तोच मागावा याला काही अर्थ नाही. आणि तुम्ही विदर्भात बसलाय हो! आलापल्ली, बल्लारपूरचं सीपी टीक, म्हणजे जुन्या मध्य प्रांताच्या नावाने ओळखलं जाणारं सागवान, तुमच्या दारात आहे. अयोध्येच्या मंदिरासाठी 2023 मध्ये सागवान बल्लारपूरहूनच गेलं. वनविकास महामंडळाच्या आगारातून लिलावात घेतलेल्या मालाला विक्रीची पावती, नगावर हातोड्याचा शिक्का, वाहतूक परवाना, सगळं मिळतं.

आता टीपीचं. टीपी म्हणजे हा माल या ठिकाणाहून त्या ठिकाणी, इतके नग, इतकं माप, या तारखेपर्यंत न्यायला परवानगी, बस. ते झाड ज्या जंगलातून तोडलं तिथे पुन्हा काही उगवतंय का, हे टीपी सांगत नाही. म्हणजे कायदेशीर हा एक प्रश्न आणि शाश्वत हा दुसरा. शिवाय खरी गडबड सॉ मिलमध्ये होते, ओंडका एकदा चिरला की शिक्का गेला, मग एकाच टीपीवर दुसरी खेपही दाखवता येते. म्हणून नुसती टीपीची झेरॉक्स घेऊ नका, मिलचं आवक-जावक रजिस्टर आणि बिलावरचा टीपी नंबर जुळवून बघा. डिसेंबर 2023 पासून देशभरासाठी ऑनलाइन टीपीची सोय सुरू झालीये, त्यातल्या परवान्यावर क्यूआर कोड असतो, तो मोबाईलवर तपासा.

लीड्सकर:
मी इथे इंग्लंडमध्ये एका कौन्सिलच्या खरेदी विभागात आहे म्हणून इथलं सांगतो, कारण इथेही हे सहज झालेलं नाही. ब्रिटिश सरकारने 2000 साली सांगितलं की आम्ही कायदेशीर आणि शाश्वत लाकूडच घेऊ, आणि दोन वर्षांत व्हाइटहॉलमधल्या कॅबिनेट ऑफिसच्याच दुरुस्तीत कॅमेरूनचं सपेली लाकूड दारांना लागलं, ग्रीनपीसने तिथेच जाऊन आंदोलन केलं. धोरण होतं पण ते तपासायला कुणी नव्हतं. नंतर खात्यांना मदत म्हणून तज्ज्ञांचं केंद्र काढलं, आणि एप्रिल 2009 पासून केंद्र सरकारच्या खात्यांना शाश्वत किंवा युरोपच्या फ्लेग्ट परवान्याचंच (तोड कायदेशीर असल्याचा परवाना) लाकूड घ्यायचं बंधन आलं. आमच्यासारख्या कौन्सिलांना मात्र बंधन नाही, फक्त आग्रह.

त्यातल्या दोन गोष्टी तुमच्या कामाच्या. एक म्हणजे पुरावा दोन तऱ्हेने देता येतो, एफएससी-पीईएफसीसारखं (जंगल नीट राखून तोड होते असं सांगणाऱ्या आंतरराष्ट्रीय योजनांचं) प्रमाणपत्र, नाहीतर जंगलापासून साइटपर्यंतची बाकी कागदपत्रं. फक्त एफएससीच हवं असं लिहिता येत नाही, "किंवा समतुल्य" लिहावंच लागतं, त्यामुळे तुमच्या अकाउंटवाल्यांचा स्पर्धेचा मुद्दाही सुटतो. दुसरं, कंपनीकडे प्रमाणपत्र आहे म्हणजे तुमच्या साइटवर आलेला माल प्रमाणित आहे असं होत नाही! बिलावर त्या मालाच्या ओळीसमोर प्रमाणपत्राचा नंबर आणि तो माल प्रमाणित असल्याचा दावा छापलेला पाहिजे, आणि मधला एक जरी व्यापारी साखळीत प्रमाणित नसला तरी साखळी तुटली. टेंडरसोबत जोडलेलं चकचकीत सर्टिफिकेट बघून लोक खूश होतात आणि डिलिव्हरी चलन कुणी वाचतच नाही.

आणि शटरिंग, म्हणजे काँक्रीट ओतताना लावतात त्या तात्पुरत्या फळ्या, विसरू नका. इथल्या धोरणात शटरिंग, तात्पुरतं कुंपण हेसुद्धा येतं. टोकियो ऑलिम्पिकच्या स्टेडियमला मलेशियातल्या सारावाकचं प्लाय शटरिंगला वापरलं म्हणून 2017 मध्ये केवढा गदारोळ झाला होता.

सॉमिल_अमरावती:
वरचं सगळं वाचलं, चांगलं आहे, पण धंद्यातला माणूस म्हणून सांगतो, एफएससीचा खर्च बांधावर सागाची दहा-वीस झाडं लावलेल्या शेतकऱ्याला झेपत नाही. त्याचं मालकीचं लाकूड रीतसर तोड परवानगी घेऊन, टीपी काढून माझ्याकडे येतं, ते कुठल्याही आयात मालापेक्षा जास्त शाश्वत आहे असं माझं ठाम मत आहे. अट अशी घाला की हा माणूस बाहेर फेकला जाऊ नये. प्लायचंही तेच, यमुनानगरचं प्लाय बहुतेक पॉप्लर आणि निलगिरीचं, तेही शेतातलं. आयएसआय मार्क दर्जाचा आहे, तो लाकूड कुठलं ते सांगत नाही, म्हणून वेगळ्या ओळीत जात आणि उगम विचारा.

आणि कृपा करून "लाकूडच नको, सगळं ॲल्युमिनियम करा" या वाटेला जाऊ नका. सीपीडब्ल्यूडीने (केंद्राच्या सार्वजनिक बांधकाम खात्याने) 1993 मध्ये जंगल वाचवायला लाकडावर बंदी घातली ती थेट 2020 मध्ये उठली. तेवढ्या वर्षांत झाडं लावणाऱ्याचं सरकारी गिऱ्हाईक गेलं, मग त्याने साग का लावावा?

वनखात्यातला_जुना:
सॉमिलवाल्यांशी अर्धा सहमत. शेतातलं म्हणून दाखवलेलं सगळंच शेतातलं नसतं, मालकीच्या नावाखाली शेजारच्या जंगलातले ओंडके घुसवल्याच्या केसेस आम्ही केल्यात. म्हणून तोड परवानगीत गट नंबर आणि झाडांची संख्या असते ती मागाच. प्रमाणपत्राबाबत सांगायचं तर केंद्राने डिसेंबर 2023 मध्ये भारतीय वन आणि लाकूड प्रमाणन योजना आणलीये, भोपाळची आयआयएफएम (भारतीय वन व्यवस्थापन संस्था) ती चालवते, त्यात शेतातली झाडंही येतात. ऐच्छिक आहे. "समतुल्य" मध्ये तिचं नाव टाकून ठेवा.

ग्रंथालयाचं_काम:
खूप आभार सगळ्यांचे. असं लिहितोय, बघा बरं: "लाकडाची जात व तोडीचं ठिकाण निविदेत नमूद करावं. देशी लाकडासाठी आगाराची विक्री पावती किंवा मालकी तोड परवानगी, व वाहतूक परवाना. आयात लाकडासाठी बिल ऑफ एन्ट्री (आयातीचा कस्टम्सचा कागद), उगमाचा दाखला व तोड कायदेशीर असल्याचा पुरावा. शाश्वततेसाठी एफएससी, पीईएफसी, भारतीय योजना किंवा समतुल्य पुरावा. कागद प्रत्येक खेपेसोबत हवेत." कागद आले नाहीत तर काय करू, माल परत पाठवू?

लीड्सकर:
"समतुल्य ठरवण्याचा अधिकार खरेदीदाराचा, पुराव्याचा खर्च पुरवठादाराचा" हे जोडा. प्री-बिड मीटिंगमध्ये मोठ्याने वाचून दाखवा, नंतर कुणी माहीत नव्हतं म्हणायला नको.

वनखात्यातला_जुना:
परत पाठवा, आणि कागद जुळल्याशिवाय एमबीत (मोजमाप पुस्तकात) माप चढवू नका, आरए बिल (चालू कामाचं बिल) अडकलं की दुसऱ्या दिवशी कागद हजर होतात. तपासणी चौकटीला प्रायमर लागायच्या आधी करा, नंतर साग कुठला आणि आफ्रिकेचं दुसरं काही कुठलं ते डोळ्याने कळत नाही. शंका आली तर छोटा तुकडा बेंगळुरूच्या आयडब्ल्यूएसटीला (लाकूड विज्ञान व तंत्रज्ञान संस्थेला) पाठवा, ते जात ओळखून लेखी देतात. ती फी कंत्राटदाराने भरायची, हेही आत्ताच टेंडरमध्ये लिहून टाका.