मुलगी साडेसात वर्षांची, छातीत गाठ लागतेय, काय करू?

फोंड्याची आई
मुलगी दुसरीत आहे. गणेश चवथीला नवीन ड्रेस घालताना तीच म्हणाली आई इथे दुखतं, हात लावला तर डाव्या बाजूला छोटी कडक गाठ. उंचीपण भराभर वाढलीय, जूनमधला युनिफॉर्म आत्ताच आखूड झाला. सासूबाई म्हणतात ब्रॉयलर चिकन बंद कर, शेजारीण म्हणते आजकाल सगळ्याच लवकर वयात येतात. मला झोप नाही, एवढ्याशा पोरीला पाळी आली तर काय समजावू?

साखळीकर
ताई, एका बाजूला आधी गाठ येणं हे बहुतेक वेळा छाती भरायची सुरुवात असते, सारखी दाबून बघू नका. पण थांबूही नका. मुलींत ८ आणि मुलग्यांत ९ वर्षांच्या आत असं दिसलं तर दाखवायचंच. आम्ही थांबलो आणि वर्ष गेलं. पोरगी वर्गात सगळ्यात उंच म्हणून आम्ही खूश, डाव्या हाताचा एक्सरे काढला तर वय ७ आणि हाडांचं वय १०. हाडं लवकर पक्की झाली की उंची लवकर थांबते, आत्ता उंच दिसणारी मुलगी पुढे बुटकी राहू शकते, हे आम्हाला माहीतच नव्हतं. आता तीन महिन्यांनी एक इंजेक्शन असतं, पाळी पुढे ढकलली गेलीय. औषध बंद केलं की सगळं परत आपसूक सुरू होतं म्हणाले डॉक्टर.

डिचोलीची नर्स
सगळ्यांना इंजेक्शन लागत नाही हं. नुसती छाती वाढली आणि उंची, हाडं वयाप्रमाणे असली तर फक्त लक्ष ठेवतात. रक्तात एलएच, एफएसएच (वयात यायला लावणारे हार्मोन), थायरॉइड बघतात, पोटाची सोनोग्राफी होते. मेंदूचा एमआरआय मुलग्यांत बहुतेक वेळा आणि ६ च्या आतल्या मुलींत सांगतात, कारण तिथे गाठ वगैरे सापडायची शक्यता जास्त. मुलींत बहुतेक वेळा कारण सापडतच नाही. चिकनचा दोष नाही, कोंबड्या जात आणि खाद्यामुळे वाढतात. वजन जास्त असलं तर मात्र फरक पडतो. तुमची स्वतःची पाळी लवकर आली होती का? डॉक्टर विचारतील.

फोंड्याची आई
हो, माझी दहाव्या वर्षीच. सोमवारी बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) बालरोग ओपीडीत नेते. जाताना काय न्यायचं?

साखळीकर
शाळेतली उंची-वजनाची जुनी नोंद मिळाली तर न्या, एका वर्षात किती सेंटीमीटर वाढली ते त्यावरून कळतं. आणि मुलीसमोर रडू नका, तिला वाटेल तिचंच काहीतरी चुकलं.