डोळ्याची रोहिणी (धमनी) बंद, तरी ऑक्सिजन पोचतो कसा?
डोळ्याच्या मध्यवर्ती रोहिणीत गुठळी अडकून अचानक दृष्टी गेली, तर काही वेळा दाबाखाली ऑक्सिजन देतात. 'गुठळी तशीच असताना नुसता ऑक्सिजन देऊन काय होणार?' ही शंका रास्त आहे. उत्तर दृष्टिपटलाच्या, म्हणजे डोळ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पडद्याच्या, रचनेत आहे. त्याच्या आतल्या थरांना मध्यवर्ती रोहिणी रक्त पुरवते, बाहेरच्या थरांना मागचा कोरॉइड, म्हणजे रक्तवाहिन्यांचा थर. रोहिणी तुंबली तरी कोरॉइड चालूच असतो. वातावरणाच्या दुप्पट-अडीचपट दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन घेतला की तो रक्तद्रवात इतका विरघळतो, की कोरॉइडमधून झिरपत आतल्या थरांपर्यंत जातो. गुठळी याने सुटत नाही. प्रवाह पुन्हा सुरू होईपर्यंत पेशी तगवायच्या, एवढंच. माकडांवरच्या प्रयोगांत साधारण ४ तासांनी नुकसान कायमचं झालेलं दिसलं. माणसांत २४ तासांच्या आत प्रयत्न करतात, पण जितका उशीर तितकी आशा कमी. मोठ्या चाचण्यांचा भक्कम पुरावाही नाही, तेव्हा चमत्कार समजू नये.

खरी गोची म्हणजे रोहिणी तुंबली तरी दुखत नाही. एका डोळ्यापुढे अचानक अंधार, वेदना शून्य; मग माणूस 'सकाळी बघू' म्हणून झोपतो! हा डोळ्याचा स्ट्रोकच. चष्म्याच्या दुकानात नको, थेट स्ट्रोकवर उपचार होतात तिथे जा. पन्नाशीनंतर सोबत डोकं दुखत असेल, चावताना जबडा भरून येत असेल, तर ईएसआर-सीआरपी (शरीरातला दाह दाखवणाऱ्या रक्ततपासण्या) त्याच वेळी करून घ्या. धमनीदाह (धमन्यांना आलेली सूज) निघाला तर स्टेरॉइड लगेच लागतात, नाहीतर दुसरा डोळाही जाऊ शकतो.