बाटलीवर ससा आहे, पुढे काय बघायचं?

रानजाई
घरातल्या वस्तू एकेक करून बदलायच्या आहेत. प्राण्यांवर चाचणी झालेलं काही आणायचं नाही. यादी अशी: शाम्पू, फेसवॉश, लिपस्टिक, टूथपेस्ट, अंगाचा साबण, शिवाय टॉयलेट क्लीनर, फरशीचं लिक्विड आणि डासांचं मशीन. दुकानात गेलं की कुठे ससा, कुठे 'क्रुएल्टी फ्री', कुठे 'व्हेगन', कुठे हिरवा ठिपका. यातलं कशाला किती किंमत द्यायची? पाणी बोअरचं आहे, जड. फरशी जुनी शहाबादी. जे आधीच घरात आहे ते टाकून द्यायचं का?

अडकित्ता
शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी: टाकू नका, वापरून संपवा. चाचणी व्हायची ती होऊन गेली, अर्धी बाटली मोरीत ओतून काही साधत नाही.

आता ससा. भारतात सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करायला मे २०१४ पासून बंदी आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरपासून, बाहेर अशी चाचणी केलेला नवा माल आयात करायलाही बंदी आली. २०२० च्या कॉस्मेटिक्स रूल्समध्येही ही तरतूद कायम आहे. कायद्याच्या व्याख्येत प्रसाधनाचा घटक म्हणून वापरायचा पदार्थही 'प्रसाधन'च धरला जातो. म्हणजे देशी लिपस्टिकवर 'प्राण्यांवर चाचणी नाही' असं ठळक छापणं म्हणजे कायदा पाळतो एवढंच सांगणं झालं. त्यासाठी शंभर रुपये जादा मोजायचं कारण नाही.

खरी मेख अशी की बंदी फक्त 'प्रसाधन' म्हणून विकल्या जाणाऱ्या मालाला लागू आहे. शाम्पू, साबण, साधी टूथपेस्ट त्यात येतात. केटोकोनाझोलचा कोंड्याचा शाम्पू किंवा डॉक्टरने दिलेलं डागांचं क्रीम हे औषध असतं, त्याला ही बंदी लागू नाही. लेबलवरून ओळखता येतं. प्रसाधनावर घटकांची नुसती यादी असते, जास्त प्रमाणातला आधी. औषधावर सक्रिय घटकाचं माप छापलेलं असतं: 'प्रत्येक ग्रॅममध्ये अमुक इतके मिलिग्रॅम' किंवा टक्केवारी. आणि फरशीचं, भांड्यांचं, टॉयलेटचं लिक्विड तर प्रसाधनांच्या कायद्यात येतच नाही. लोक लिपस्टिकवर ससा शोधत बसतात. शोधायचा तर टॉयलेट क्लीनरवर शोधा.

खलबत्ता
+१. आता चिन्हांचं बघू.

कोणीही डिझायनरकडून काढून घेतलेला ससा आणि प्रमाणपत्राचा ससा यात फरक आहे. लीपिंग बनी या चिन्हासाठी कंपनीला एक तारीख ठरवून द्यावी लागते. त्या तारखेनंतर तयार माल, कच्चा माल आणि पुरवठादार, कुठेच चाचणी चालत नाही. पुरवठादारांवर देखरेख ठेवावी लागते आणि बाहेरचे लोक ऑडिट करतात. घरसफाईच्या मालालाही हे चिन्ह मिळतं, म्हणून रानजाई, तुमच्या यादीच्या दुसऱ्या अर्ध्याला त्याचा जास्त उपयोग. पेटा या प्राणी-हक्क संघटनेच्या यादीत येण्यासाठी मुख्यतः कंपनीचं लेखी हमीपत्र आणि पुरवठादारांशी केलेले करार लागतात. दोन्हींच्या याद्या त्यांच्या साइटवर शोधता येतात. पाकिटावरच्या चित्रापेक्षा यादीवर विश्वास ठेवा.

'व्हेगन' आणि हिरवा ठिपका घटकांबद्दल बोलतात, चाचणीबद्दल नाही. मधमाशीचं मेण असलेला लिप बाम चाचणीमुक्त असू शकतो, आणि व्हेगन डिटर्जंटची चाचणी झालेली असू शकते. तुम्हाला घटकही नको असतील तर लेबलवर हे शोधा: सीआय ७५४७० किंवा कार्माइन (लाल रंग, किड्यांपासून), लॅनोलिन (लोकरीतली चरबी), सेरा अल्बा (मेण), शेलॅक (लाख), सीआय ७५१७० किंवा ग्वानिन (माशांच्या खवल्यांची चमक). अंगाच्या साबणात 'सोडियम टॅलोवेट' म्हणजे जनावराची चरबी. 'सोडियम पामेट', 'सोडियम कोकोएट' वनस्पतीचं. ग्लिसरीन आणि स्टिअरिक आम्ल दोन्हींकडून येतं, ते लेबलवरून कळत नाही, विचारावंच लागतं. घटकांच्या बाबतीत पुण्याच्या ब्यूटी विदाउट क्रुएल्टी या संस्थेचं काम जुनं आहे, १९७४ पासूनचं. त्यांचं साहित्य जरूर वाचा.

कंपनीला मेल करणार असाल तर 'तुम्ही चाचणी करता का' असं विचारू नका. उत्तर 'नाही' असंच येणार, कारण चाचण्या बहुधा बाहेरच्या प्रयोगशाळेत किंवा पुरवठादाराकडे होतात. विचारायचं असं: तयार माल, कच्चा माल आणि पुरवठादार, तिन्हींवर कोणत्या तारखेपासून चाचणी बंद आहे? तुमच्यासाठी दुसरं कोणी करतं का? एखाद्या देशाच्या सरकारने मागितली तर तुम्ही माल विकता की बाजार सोडता? 'कायद्याने बंधनकारक असल्याखेरीज आम्ही चाचणी करत नाही' असं उत्तर आलं तर ते 'करतो' असंच वाचा.

परदेशी_पाहुणा
त्या 'कायद्याने बंधनकारक'मध्ये बहुतेक वेळा चीन असतो. तिथे १ मे २०२१ पासून आयात केलेल्या साध्या प्रसाधनांना (शाम्पू, लोशन, मेकअप) सरकारी उत्पादन-प्रमाणपत्र आणि सुरक्षिततेची कागदपत्रं दिली तर प्राण्यांवरच्या चाचणीतून सूट मिळते. केसांचा रंग, पर्मिंग (केस कुरळे करणं), सनस्क्रीन, गोरेपणाची आणि केस गळती थांबवण्याची उत्पादनं मात्र 'विशेष' गटात, त्यांना ही सूट नाही. त्यामुळे 'चीनमध्ये विकतात म्हणजे बाद' हा जुना ठोकताळा आता सरसकट चालत नाही. काय विकतात ते बघा.

युरोपात राहणाऱ्यांसाठी: तिथे मार्च २०१३ पासून चाचणी केलेली प्रसाधनं विकायलाच बंदी आहे. पण रसायनांच्या नोंदणीचा कायदा, रीच, वेगळा. त्याखाली कारखान्यातल्या कामगारांच्या सुरक्षेसाठी प्रसाधनातल्या घटकाचीही चाचणी मागितली गेली आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये युरोपीय न्यायालयाने सिमराइज कंपनीविरुद्ध त्या मागणीच्या बाजूने निकाल दिला. म्हणून तिकडच्या मालावरचा 'ईयूमध्ये बंदी आहे' हा दावाही तसा अर्धाच.

सोमवार_पेठ
एवढा किस पाडायची गरज आहे का? डासांच्या लिक्विडच्या बाटलीवर हिरवा चौकोन असतोच की. हिरवा म्हणजे सुरक्षित, शाकाहारी, विषय संपला.

अडकित्ता
@सोमवार_पेठ, नेमका उलटा अर्थ होतो. तो शाकाहाराचा ठिपका नाही. कोपऱ्यावर उभा केलेला चौकोन, दोन त्रिकोणांत विभागलेला, खालचा रंगीत: तो कीटकनाशकांच्या नियमांतला विषारीपणाचा शिक्का आहे. लाल, पिवळा, निळा, हिरवा अशी उतरती भाजणी. रंग ठरतो तो एलडी-५० वरून, म्हणजे प्रयोगातले निम्मे प्राणी मरायला शरीराच्या दर किलो वजनामागे किती मिलिग्रॅम विष लागलं त्यावरून. तोंडावाटे १ ते ५० असेल तर लाल, ५१ ते ५०० पिवळा, ५०१ ते ५००० निळा, त्यापुढे हिरवा. म्हणजे हिरवा रंगही उंदरांवर मोजूनच मिळालेला असतो.

मच्छर मारायचं वा पळवायचं लिक्विड, कॉइल, झुरळांचा स्प्रे, सगळं १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदवावं लागतं आणि नोंदणीला विषारीपणाची माहिती द्यावी लागते. रानजाई, त्यामुळे या एका वस्तूला चाचणीमुक्त ब्रँड शोधण्यात वेळ घालवू नका. खिडक्यांना जाळी लावा. मच्छरदाणी गादीखाली खोचा, नुसती लोंबती ठेवली तर खालून डास शिरतात. पंखा अंगावर घ्या, डासाला वाऱ्यात नीट उडता येत नाही. कूलर, कुंड्यांखालच्या ताटल्या आणि फ्रिजमागचा ट्रे आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामा करून घासा. नुसतं पाणी ओतून दिलं तर कडेला चिकटलेली अंडी तशीच राहतात.

चुलाणा
सफाईचं मी सांगते. जड पाणी आणि शहाबादी फरशी ही जोडी अवघड आहे: पाण्याचे डाग काढायला आम्ल लागतं आणि शहाबादी, कडप्पा, कोटा, संगमरवर हे सगळे चुन्याचे दगड आम्लाने झिजतात. सुट्या तुकड्यावर लिंबाचा थेंब टाकून बघा. बारीक बुडबुडे आले आणि पुसल्यावर तिथली झिलई गेलेली दिसली, तर त्या फरशीला व्हिनेगर, सायट्रिक आम्ल, संत्र्याच्या सालींचं बायोएन्झाइम यातलं काहीही लावायचं नाही.

नळ आणि काचेसाठी: १ लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम सायट्रिक आम्ल (लिंबूफूल, किराणा दुकानात सुटं मिळतं). फडकं भिजवून नळाला गुंडाळा, १५-२० मिनिटांनी घासून धुऊन टाका. रात्रभर ठेवू नका, क्रोम काळवंडतं. खाली ओघळ फरशीवर येऊ नये म्हणून आधी फरशी ओली करून जुना टॉवेल अंथरा. टॉयलेटला: भांड्यातलं पाणी ब्रशने शक्य तेवढं आत ढकला, ३-४ मोठे चमचे पूड टाका, रात्रभर ठेवून सकाळी घासा. ब्लीचिंग पावडर किंवा क्लोरीनवाल्या क्लीनरबरोबर हे कधीही एकत्र करू नका, विषारी क्लोरीन वायू होतो.

फरशी पुसायला अर्ध्या बादलीत चमचाभर रिठ्याचं पाणी पुरे. १०-१२ रिठे बिया काढून अर्धा लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी १५ मिनिटं उकळा, गार झाल्यावर कुस्करून गाळा. उकळताना भांडं अर्धंच भरलेलं हवं, फेस उतू जातो. त्यात परिरक्षक नाही, म्हणून फ्रिजमध्येही आठवडाभरच. आंबूस वास आला की टाकून द्या. डोळ्यात गेलं तर फार झोंबतं. लोकरीला, रेशमाला उत्तम, पांढऱ्या सुती कपड्यांवर मात्र पिवळट झाक येते.

बेकिंग सोडा आणि व्हिनेगर एकत्र फेसाळवायचे व्हिडिओ फिरतात, ते विसरा. दोघं एकमेकांना मारतात, उरतं जवळजवळ खारट पाणी. सोडा घासायला वेगळा वापरा.

रानजाई
सगळ्यांचे आभार, डासांचं मशीन यादीतून काढलं. एकच राहिलं: मेकअपचे ब्रश आणि दाढीचा ब्रश. त्यावर काहीच लिहिलेलं नसतं.

खलबत्ता
दाढीच्या ब्रशवर बॅजर किंवा बोअर (रानडुक्कर) लिहिलं असेल तर प्राण्याचे केस. मेकअपमध्ये सेबल, स्क्विरल, गोट, पोनी. टॅक्लॉन, नायलॉन म्हणजे कृत्रिम. काहीच लिहिलं नसेल तर घरातल्या जुन्या ब्रशचा एक केस चिमट्यात धरून काडीने पेटवा. प्राण्याचा केस चुरचुरत जळतो, केस जळल्याचा वास येतो, राख बोटांत चुरडते. नायलॉन वितळून टोकाला कडक गोळी होते. दुकानात हे करता येत नाही, तिथे टोकं बघा: नैसर्गिक केसांची लांबी आणि जाडी थोडी असमान असते, कृत्रिम एकसारखे. मात्र हल्ली कृत्रिम केसही मुद्दाम निमुळते करतात, तेव्हा खात्री नसेल तर विक्रेत्याकडून लेखी घ्या.