'माझा ले-ऑफ झाला': अर्जात मराठीत नेमकं काय लिहावं?

मूळ प्रश्न, कोथरूड

माझा भाचा हिंजवडीत एका सॉफ्टवेअर कंपनीत सहा वर्षं होता. गेल्या महिन्यात त्याला आणि त्याच्या टीममधल्या आणखी काही जणांना एकेक करून खोलीत बोलावलं आणि सांगितलं, आज संध्याकाळपर्यंत राजीनाम्याचा मेल टाका, म्हणजे पुढच्या नोकरीत डाग लागणार नाही. घाबरून त्यानं टाकला. घरी येऊन म्हणाला, "मावशी, माझा ले-ऑफ झाला."

माझे वडील भोसरीच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेत. त्यांनी लगेच विचारलं, "मग परत कधी बोलावणारेत?" भाचा त्यांच्याकडे बघतच राहिला. दोघंही एकच शब्द वापरत होते आणि एकाला दुसऱ्याचं काही कळत नव्हतं.

आता कामगार आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज द्यायचा आहे, मराठीतून. 'कपात', 'सेवासमाप्ती', 'बडतर्फी', 'कामबंदी' यांपैकी काय लिहू? आणि त्या राजीनाम्याचं काय करू?

प्रतिसाद, चिंचवड

ताई, तुमच्या वडिलांचं बरोबर आहे. मी कारखान्याच्या टाइम ऑफिसमध्ये पंचवीस वर्षं मस्टर, म्हणजे हजेरीपट, सांभाळलं. आमच्याकडे 'ले-ऑफ दिला' म्हणजे माल नाही, कोळसा नाही, वीज नाही किंवा मशीन बिघडलंय, म्हणून माणसाला काम देता येत नाही. पण त्याचं नाव मस्टरवर आहे. तो कामावर आला, हजेरी लावली आणि काम नाही म्हणून परत गेला. त्या दिवसांचा मूळ पगार आणि महागाई भत्ता निम्मा मिळायचा. कायद्यातही व्याख्या हीच आहे, १९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमात होती आणि त्याच्या जागी आलेल्या नव्या औद्योगिक संबंध संहितेतही तीच आहे. 'कामबंदी' हा शब्द याच्यासाठी. म्हणजे ले-ऑफ झालेला माणूस नोकरीतच असतो. गाड्यांच्या कारखान्यांत मागणी घटली की 'ब्लॉक क्लोजर' लावतात, म्हणजे काही दिवस उत्पादनच बंद, ते याच्या शेजारचं.

हिंजवडीत अमेरिकेतल्या बातम्यांवरून आलेला ले-ऑफ म्हणजे कायमचं घरी. शब्द तोच, अर्थ उलटा. अर्जात 'ले-ऑफ' लिहिलंत तर साहेब तुमच्या वडिलांसारखाच प्रश्न विचारतील.

कारखान्यातले आणखी दोन शब्द सांगतो, कारण तेही असेच फसवतात. 'बदली' म्हणजे सरकारी नोकराची बदली नव्हे. कायम कामगार रजेवर गेला की त्याच्या जागी बोलावलेला तो बदली कामगार. आणि 'ब्रेक'. चाकण-भोसरीत पोरं म्हणतात, "सात महिने झाले, ब्रेक दिला." ब्रेक विश्रांतीचा नाही. वर्षात २४० दिवस भरले की सलग एक वर्षाची सेवा धरली जाते आणि हक्क सुरू होतात, म्हणून त्याआधीच नाव कमी करायचं आणि काही दिवसांनी नव्यानं घ्यायचं. असली पोरं खिडकीशी उभी राहून विचारायची, "साहेब, माझे किती भरले?" मला आकडा माहीत असायचा. सांगताना जीभ जड व्हायची.

प्रतिसाद, शिवाजीनगर (वकिली करते)

वरच्या काकांनी ले-ऑफचं नेमकं सांगितलंय. मी 'कपात' (कायद्यातलं इंग्रजी 'रिट्रेंचमेंट') या शब्दाबद्दल लिहिते, कारण त्याच्या अर्थावर सर्वोच्च न्यायालयात तीसेक वर्षं खल झाला आहे आणि सुरुवात आपल्याच भागातल्या एका रेल्वेपासून झाली.

कुर्डुवाडीहून बार्शीकडे जाणारी अरुंद रुळांची बार्शी लाइट रेल्वे एका खासगी कंपनीची होती. १ जानेवारी १९५४ पासून सरकारनं ती ताब्यात घेतली. कंपनीनं त्याआधी सगळ्यांना सेवा संपल्याची नोटीस दिली. कामगार म्हणाले, ही कपातच आहे, भरपाई द्या. १९५६ च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, कपात म्हणजे चालू उद्योगातली जादा माणसं कमी करणं. उद्योगच मालकाच्या हातून गेला तर ती कपात नव्हे. कोशातला अर्थ जिंकला, माणसं हरली. संसदेनं पुढच्याच वर्षी, १९५७ मध्ये, उद्योग हस्तांतरित झाला किंवा बंद पडला तरी भरपाई मिळावी म्हणून स्वतंत्र कलमं घातली.

पण कायद्यातल्या कपातीच्या व्याख्येत 'कोणत्याही कारणाने' असे शब्द होते. ते खरेच तितके व्यापक घ्यायचे का, हा प्रश्न उरलाच. १९७६ मध्ये एका बँक कर्मचाऱ्याच्या प्रकरणात न्यायालयानं ते व्यापक घेतले आणि १९९० मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं त्यावर शिक्का मारला: शिस्तभंगाची शिक्षा आणि कायद्यानं वगळलेले प्रकार सोडले तर मालकानं कोणत्याही कारणानं सेवा संपवली की ती कपात.

म्हणून मला 'कपात' हा शब्द अपुरा वाटतो. मराठीत 'कपात' म्हटलं की पाणीकपात, खर्चकपात डोळ्यांसमोर येते, म्हणजे जास्तीचं होतं ते छाटलं. त्यापेक्षा आपले लोक रोज बोलतात ते 'कामावरून कमी केलं' जास्त अचूक आहे. त्यात जादा-बिदा काही नाही. कुणीतरी कमी *केलं*, एवढं स्पष्ट आहे. आणि करणारा मालक आहे हेच तर कायद्याला हवं असतं.

'बडतर्फ' मात्र लिहू नका. तो शिक्षेचा शब्द आहे. आरोपपत्र, चौकशी, मग बडतर्फी. तुमच्या भाच्यावर कसलाच आरोप नाही, तो आपण होऊन अंगावर का घ्यायचा? 'नारळ दिला' घरात बोलायला ठीक.

मूळ प्रश्न विचारणारी

पण कंपनीचं म्हणणं आहे की हे कामगार कायदे कारखान्यासाठी. तो 'कामगार' नाही, 'कर्मचारी' आहे आणि पगारही जास्त आहे.

प्रतिसाद, शिवाजीनगर

हे पुण्यात फार ऐकायला मिळतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्या, २९ जुने कायदे त्यांत सामावले. औद्योगिक संबंध संहितेत 'कर्मचारी' हा मोठा गट आहे आणि 'कामगार' त्यातला एक भाग. कमी करतानाची नोटीस आणि भरपाई कामगाराला. पण कामगाराच्या व्याख्येत अंगमेहनतीबरोबर कुशल, तांत्रिक आणि कारकुनी कामही आहे. १८,००० रुपयांची मर्यादा फक्त देखरेखीच्या कामाला आहे, तांत्रिक कामाला नाही. कार्डावर 'मॅनेजर' छापलं म्हणून कुणी व्यवस्थापक होत नाही; हुद्दा काय होता यापेक्षा दिवसभर हात कशात होते हे न्यायालय बघतं. भाचा कोड लिहीत होता की लोकांच्या रजा मंजूर करत होता, हे अर्जात लिहा.

कामगार ठरला तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचं वेतन. नव्या संहितेत शिवाय १५ दिवसांचं वेतन पुनर्कौशल्य निधीतून (कमी केलेल्या कामगारांसाठीचा निधी), ४५ दिवसांच्या आत खात्यात. राजीनामा दिला असेल तर यातलं काहीच नाही. म्हणून तर मेल मागतात.

प्रतिसाद, सदाशिव पेठ

मी वकील नाही, जुनी मोडी कागदपत्रं वाचतो. 'राजीनामा' या शब्दावर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

राजी म्हणजे संमत, नामा म्हणजे लेख. राजीनामा हा मुळात संमतीचा कागद. मुंबई इलाख्यात रयतवारीच्या काळात, म्हणजे सरकार थेट शेतकऱ्याकडून सारा घेई तेव्हा, शेतकरी जमीन सोडायचा तेव्हा राजीनामा लिहून द्यायचा आणि नवा धरणारा कबुलायत लिहून द्यायचा. एकाची राजी, दुसऱ्याची कबुली. तडजोडीच्या कागदालाही राजीनामाच म्हणत. नोकरी सोडण्याचा अर्थ यातूनच आला.

तेव्हा 'सक्तीचा राजीनामा' ही जोडी शब्दातच मोडते. ज्यात राजीखुशी नाही तो नामा असेल, राजीनामा नव्हे. (बडतर्फही फारसीच. 'बर तरफ', म्हणजे बाजूला. मूळ अर्थ किती सौम्य होता!)

प्रतिसाद, शिवाजीनगर

काका, तुम्ही कोशातून जे सांगितलंत तेच न्यायालयातही चालतं. राजीनामा स्वेच्छेचा नसेल तर ती मालकानं केलेली सेवासमाप्ती. पण सक्ती झाली हे सिद्ध करण्याचं ओझं आपल्यावर येतं. एकाच दुपारी अनेकांनी एकाच मजकुराचे मेल टाकले असतील तर ते जपून ठेवा. बोलावणं आलेला निरोप, वेळ, खोलीत कोण होतं, सगळं आजच लिहून काढा. राजीनामा मागे घेत असल्याचं पत्रही लगेच पाठवा, उशीर अंगाशी येतो.

प्रतिसाद, चिंचवड

एक भर. अर्जात 'टाळेबंदी' कुठे शिरू देऊ नका. २०२० पासून लोकांना ती करोनातली वाटते. आमच्या काळी मालकानं वादात कामगारांना गेटाबाहेर ठेवून कुलूप लावलं की टाळेबंदी. आणि 'ताळेबंद' हिशेबाचा, त्याच्याशी संबंध नाही. एकदा एका अर्जात हे उलटसुलट झालं होतं आणि तारीख फुकट गेली.

मूळ प्रश्न विचारणारी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री भाचा आणि मी बसून मसुदा केला. मुख्य वाक्य असं:

"मी तांत्रिक काम करणारा कामगार असून सलग सहा वर्षे सेवेत होतो. माझ्यावर कोणताही आरोप नसताना आणि नोटीस न देता मला कामावरून कमी करण्यात आले. त्या दिवशी माझ्याकडून राजीनाम्याचा मेल सक्तीने घेण्यात आला. त्यास माझी संमती नव्हती व तो मी मागे घेतला आहे."

बाबांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. 'कमी करण्यात आले' पुसून 'कंपनीने कमी केले' करायला लावलं, आणि 'त्या दिवशी'च्या जागी तारीख आणि वेळ घालायला सांगितली. दोन्ही दुरुस्त्या केल्या. सोमवारी दोघं मिळून अर्ज द्यायला जाणार आहेत.