राज्याच्या फौजदारी कायद्यांची नावे बदलली, कलमे कधी तपासणार?

नीरक्षीर
१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, ५११ कलमांची ३५८ झाली आणि कायदा सोपा झाल्याचे आपल्याला सांगण्यात आले. व्याख्यांची सुटी कलमे एका कलमात कोंबली की आकडा आपोआप उतरतो, त्यामुळे त्या दाव्यात मला फारसा रस नाही. माझा मुद्दा महाराष्ट्राच्या स्वतःच्या कायद्यांचा आहे. सामान्य माणसाची पोलीस ठाण्याशी गाठ पडते ती बहुधा १८८७चा जुगार प्रतिबंधक कायदा, १९४९चा दारूबंदी कायदा, १९५१चा पोलीस कायदा किंवा १९५९चा भीक प्रतिबंधक कायदा यांच्यामुळे, आणि या चौघांकडे कोणी गंभीरपणे पाहिलेले नाही. काही वर्षांपूर्वी एक स्वतंत्र कायदा करून अशा अनेक अधिनियमांच्या शीर्षकांतले 'मुंबई' काढून 'महाराष्ट्र' घातले गेले. पाटी बदलली, घर तेच राहिले. (वर्तमानपत्रे अजूनही 'मुंबई जुगार कायदा कलम १२ (अ)' असेच छापतात.)

भीक प्रतिबंधक कायदाच पाहा. सार्वजनिक जागी गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, खेळ करणे किंवा एखादी वस्तू विकायला पुढे करणे अशा निमित्ताने पैसे मागितले किंवा नुसते स्वीकारले, तरी ती या कायद्याच्या व्याख्येप्रमाणे भीक ठरते. म्हणजे आपण ज्यांना लोकपरंपरा म्हणून शासकीय कार्यक्रमांत बोलावतो ते वासुदेव, पिंगळा आणि डोंबारी दुसऱ्या दिवशी रस्त्यावर दिसले की कायद्याच्या दृष्टीने भिकारी असतात. न्यायालयाने ताकीद देऊन सोडले नाही, तर पहिल्या वेळी एक ते तीन वर्षे आणि पुन्हा पुन्हा सापडल्यास दहा वर्षांपर्यंत स्थानबद्धता होऊ शकते. हाच कायदा दिल्लीला लागू केलेला होता. तेथील उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्याच्या मुख्य तरतुदी दिल्लीपुरत्या घटनाबाह्य ठरवल्या, आणि ज्या राज्याने तो जन्माला घातला तेथे तो अजून जिवंत आहे.

दारूचे तेच. परवाना खिशात नसताना कायदेशीर दुकानातून घेतलेली दारू पिणारा प्रत्येक जण कागदोपत्री गुन्हेगार आहे. शिवाय दारूच्या नशेत चौकात गोंधळ घालणाऱ्यासाठी आज दारूबंदी कायद्याचे कलम ८५, पोलीस कायद्याची कलमे ११० आणि ११७ आणि न्याय संहितेचे कलम ३५५ अशी तीन दारे उघडी आहेत. या चारही कायद्यांचे पुनर्विलोकन करून, जे न्याय संहितेत आलेच आहे ते वगळून, उरलेल्याचा एकच छोटा अधिनियम करावा, असे माझे मत आहे.

निवृत्त फौजदार
मी चौतीस वर्षे ठाण्यात काढली आहेत, म्हणून हे सुटसुटीत चित्र मला मान्य नाही. आपण ज्यांना निरर्थक म्हणता ती किरकोळ कलमे शिडीच्या खालच्या पायऱ्या आहेत. कलम ११०/११७ खाली माणूस दंड भरून त्याच दिवशी घरी जातो. ही पायरी काढून टाकलीत, तरी चौकातला गोंधळ थांबणार नाही. फक्त हवालदाराच्या हाती मोठे कलम तेवढे उरेल, आणि ज्याचे दंडावर भागले असते तो जामिनासाठी वकील शोधत फिरेल.

तडीपारीचेही तसेच आहे. एखाद्या गुंडाच्या भीतीने साक्षीदार उघडपणे पुढे येत नाहीत, ही अटच पोलीस कायद्याच्या कलम ५६ मध्ये लिहिलेली आहे. दोन वर्षांपर्यंत त्याला जिल्ह्याबाहेर ठेवता येते आणि वस्ती मोकळा श्वास घेते. न्याय संहितेत याला पर्याय नाही. जे कायदे जुने आहेत ते केवळ जुने आहेत म्हणून वाईट ठरवणे हा पुस्तकी उत्साह झाला.

नीरक्षीर
कलम ५६ काढा असे मी म्हटलेले नाही. पण त्याच कायद्यातले कलम १२२ आपण सोयीस्करपणे विसरलात. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत, 'चोर म्हणून ज्याची ख्याती आहे' अशा माणसाने रस्त्यात रेंगाळणे आणि समाधानकारक खुलासा न देणे हा तेथे गुन्हा आहे. ही ख्याती कोण ठरवते? अख्ख्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवणारा १८७१चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ साली देशभरातून गेला, पण पारध्याच्या पोराला रात्री एस.टी. स्टँडवर हटकताना जे गृहीत धरले जाते ते त्याच कायद्यातून आलेले आहे आणि कलम १२२ त्याला आजही आधार देते.

वर्धेकर
मी दारूबंदीच्या चळवळीत काम केलेली बाई आहे आणि मला या धाग्याचा सूरच शहरी वाटतो. परवान्याची चेष्टा सगळे करतात, मीही करते. परंतु ज्या कायद्याला आपण कालबाह्य म्हणता, त्याच्याच आधाराने गावातल्या बाया हातभट्टी फोडल्यावर पोलिसांना पंचनामा करायला लावतात. 'उभी बाटली, आडवी बाटली' हे मतदान घेऊन दुकान बंद करण्याचा अधिकारही याच कायद्याखालच्या आदेशातून आला. आमच्या जिल्ह्यात आणि गडचिरोलीत दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ साली आली आणि २०२१ साली उठवली गेली. 'सुलभीकरण' हा शब्द ऐकला की आम्हाला चंद्रपूर आठवते. पिणाऱ्याचा गुन्हा रद्द करा, हरकत नाही. पण मसुदा लिहिताना पिणारा आणि गाळणारा यांना एकाच ओळीत बसवून दोघांनाही मोकळे करण्याची शक्यता किती मोठी आहे, याचा विचार मूळ लेखकाने केलेला दिसत नाही.

तालुका कोर्टातला
मी वकिली करतो. फौजदार साहेबांच्या शिडीविषयी मला अडचण अशी दिसते की कोणी कोणत्या पायरीवर उभे राहायचे हे कायदा ठरवत नाही, ठाणे अंमलदार ठरवतो. चार जण पत्ते खेळताना सापडले तर १८८७च्या कायद्यातले १२ (अ) लावता येते. त्यांनाच टोळी म्हटले तर न्याय संहितेचे कलम ११२ अनधिकृत जुगारालाही किरकोळ संघटित गुन्हा मानते आणि तेथे शिक्षा एक ते सात वर्षे आहे. एकाच कृत्यासाठी दोनदा शिक्षा होत नाही हे खरे, पण आरोपीचे नशीब फिर्यादीच्या पहिल्या ओळीत ठरते. मोक्का हा राज्याचा संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा आणि न्याय संहितेचे संघटित गुन्ह्याचे कलम १११ यांच्यात हीच गुंतागुंत मोठ्या प्रमाणावर आहे.

आता व्यवहाराचे. समवर्ती सूचीतल्या, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो अशा विषयावर केंद्राच्या कायद्याशी विसंगत काही करायचे तर राष्ट्रपतींची संमती लागते. महिला आणि बालकांवरील अत्याचारांसाठी शिक्षा कडक करणारे शक्ती विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये विधिमंडळाने मंजूर केले, पण ते कायद्यापर्यंत पोचले नाही. मात्र दारू, जुगार आणि पोलीस हे तिन्ही राज्यसूचीतले विषय आहेत. म्हणजे मूळ लेखकाच्या चार कायद्यांपैकी तिघांसाठी दिल्लीकडे पाहण्याचे कारणच नाही. तरीही एकच छोटा अधिनियम करण्याच्या मी विरोधात आहे. वर्धेकर ताईंची भीती रास्त आहे. एकत्र मसुद्यात बारीक अपवाद हरवतात. प्रत्येक कायदा वेगळा घ्यावा आणि सुरुवात भीक प्रतिबंधक कायद्यापासून करावी, कारण तेथे गमावण्यासारखे काहीच नाही.

नीरक्षीर
ताईंचा आक्षेप मला मान्य करावा लागतो. पिणारा आणि गाळणारा यांची कलमे स्वतंत्र राहिली पाहिजेत आणि तेवढ्यासाठी एकच अधिनियम हा आग्रह मी सोडतो. चंद्रपूरचा निर्णय मात्र सुलभीकरणातून झालेला नव्हता, दारूबंदी उठवण्याचा तो सरळ धोरणात्मक निर्णय होता, त्यामुळे ते उदाहरण येथे चपखल बसत नाही.

निवृत्त फौजदार
कलम १२२ मधल्या 'ख्याती'बद्दल मी वाद घालणार नाही. ते शब्द मलाही लिहिताना खटकत असत, आणि खुलासा समाधानकारक आहे की नाही हे पुष्कळदा समोरच्याच्या कपड्यांवरून ठरत असे. ते वगळा. परंतु त्याच कलमात रात्री घातक हत्यार घेऊन किंवा तोंड झाकून दबा धरणाऱ्याचेही पोटकलम आहे आणि गस्तीवरच्या शिपायाला त्याची गरज पडते. अख्खे कलम खोडायला निघालात, तर माझा विरोध कायम राहील.