कमी बजेटातला छोटा लॅपटॉप आणि आपली खारी हवा : तुमचे अनुभव लिहा

माडाखाली (गुहागर तालुका)

मंडळी, धाकटी यंदा चिपळूणला बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला आहे, रोज एसटीने ये-जा करते. घरात हिचा कोकम, आमसुलं, फणसपोळीच्या ऑर्डरींचा पसारा, तो सगळा एका वहीत नि तीन व्हॉट्सॅप ग्रुपांवर. दोघींना मिळून एक लॅपटॉप घ्यायचाय. बजेट पंचवीस हजार, ताणून अठ्ठावीस. पंधरा इंची नको कारण पोरीच्या सॅकमध्ये डबा, छत्री, पुस्तकं आणि वर ते धूड म्हणजे गाडीत उभं राहायचं झालं तर पाठच जाईल. दुकानदाराला विचारलं तर त्याच्याकडे कायम ऑफर असते, ती कायम उद्या संपणार असते. त्याचं मत नकोय मला, ज्यांनी इथल्या हवेत तीनचार पावसाळे मशीन चालवलंय त्यांचं हवंय.

सुरुवात मी करतो. २००८ साली भाच्याने मुंबईहून आसुसचा ई पीसी ७०१ आणून दिला होता. सात इंची स्क्रीन, ४ जीबीची डिस्क, वजन किलोच्याही आत. आमचे तीर्थरूप म्हणाले ही पाटी कुणाची रे? स्क्रीन ८०० बाय ४८०, म्हणजे कुठलीही खिडकी उघडली की 'ओके'चं बटण स्क्रीनच्या खाली, दिसायचंच नाही, देवाचं नाव घेऊन एंटर दाबायचा. पण विंडोजऐवजी लिनक्स (फुकट मिळणारी सिस्टीम) असलेलं ते खेळणं चार वर्षं टिकलं, पडवीत बसून मेल करायला काय मस्त होतं. त्यामुळे लहान मशीनचा मला रागही नाही आणि भाबडं प्रेमही नाही.

सुरंगी (मालवण)

आमचा होमस्टे आहे, समुद्र दोनशे पावलांवर. लॉकडाऊनमध्ये मुलाच्या ऑनलाइन शाळेसाठी घाईत सर्वात स्वस्त तो नवा घेतला, ११.६ इंची, सेलेरॉन म्हणजे इंटेलचा साधा प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ३२ जीबी ईएमएमसी. ईएमएमसी म्हणजे काय ते घेताना कोणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मोबाईलमध्ये असते तशी चिप, बोर्डावर डकवलेली, मोठी करायची सोय नाही. विंडोज आणि त्याचे अपडेट यांनीच बहुतेक जागा खाल्लेली. दर काही महिन्यांनी मोठा अपडेट यायचा, जागा नाही म्हणायचा, मग मी मुलाचे फोटो पेनड्राइव्हवर, रिसायकल बिन रिकामी, टेम्प फाइली साफ, तरी जागा नाही. शेवटी कळलं की १६ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह लावून ठेवला तर तो तात्पुरती जागा म्हणून वापरतो. ते लावून रात्री झोपायचं आणि त्याच रात्री लाईट जायची!

एक गोष्ट मात्र त्याच्या बाजूने सांगते. त्याला पंखा नव्हता. शेजारच्यांचा चांगला महागातला लॅपटॉप दोन पावसाळ्यांत घरघरायला लागला, उघडला तर पंख्यात वाळूची पूड आणि दमट कापसाचा गोळा. आमचा स्वस्तातला मुकाट चालू. यूएसबीच्या तोंडावर हिरवट डाग आले तेवढेच. आणि हो, एका एप्रिलमध्ये कुंभारीण माशीने चार्जिंगच्या भोकात मातीचं घर केलं, आम्ही आपले चार्जर खराब झाला म्हणून नवा मागवला. मालवणात कोणाला सांगितलं तर लोक हसत नाहीत, "आमच्या टीव्हीत पण केलेन" म्हणतात.

पाटीवरचं पान (कुडाळ, शिक्षक)

मी गेली चार वर्षं लेनोवोचा जुना थिंकपॅड एक्स२७० वापरतोय. साडेबारा इंची, कंपन्यांनी वापरून काढून टाकलेला माल, मुंबईहून १७ हजारांत. ह्या मॉडेलची खरी गंमत बॅटरीची आहे. दोन बॅटऱ्या, एक आत, एक बाहेरून लागणारी. बाहेरची संपली की लॅपटॉप बंद न करता काढायची, दुसरी भरलेली खटकन बसवायची, तोवर आतली सांभाळून घेते. जूनमध्ये वळवाच्या पावसाने आमच्याकडे लाईट दुपारी गेली की कधी येईल ते कोणी सांगत नाही, तेव्हा निकालपत्रकं मी दोन जादा बॅटऱ्यांवर पूर्ण केलीयत. बाकीचे शिक्षक मेणबत्ती शोधत होते.

रॅम स्क्रू काढून बदलता येते, मी ४ची ८ केली. डिस्क पण.

आता दुखणं. इंटेलचा सहाव्या-सातव्या पिढीचा प्रोसेसर, विंडोज ११ अधिकृतपणे घेत नाही. विंडोज १०चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. मी लिनक्स मिंट टाकलं, मराठी इनस्क्रिप्ट कळफलक आरामात चालतो, लिब्रे ऑफिस चालतं. पण बायकोचा भाऊ टॅली (हिशोबाचं सॉफ्टवेअर) करतो त्याला दिला तर तासाभरात परत आणून दिलान. माडाखाली, तुमची मुलगी बीकॉमला आहे ना? मग हा मुद्दा आधी बघा. टॅलीला विंडोज लागतंच.

वाडीतला चाकरमानी (राजापूर, सध्या डोंबिवली)

जुन्या मालाचं कौतुक चाललंय म्हणून उलट बाजू सांगतो. मी गणपतीला गावी नेण्यासाठी असाच रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेला, दुरुस्त करून विकलेला घेतला, दुकानात चकचकीत दिसला, की-बोर्डवर नवे स्टिकर. गावी पोचलो, आरतीची गाणी लावली आणि पाऊण तासात बॅटरी डोळे मिटून मोकळी. पुढच्या आठवड्यात डाव्या बाजूची बिजागरी कडकन. दुकानदाराने आधी "घेऊन या", मग "साहेब बाहेर गेलेत", मग फोनच उचलला नाही. कुरिअरने पाठवायचा तर खर्च आणि वर वाटेत फुटायची भीती.

घ्यायचाच तर दुकानातच कमांड प्रॉम्प्ट उघडून पॉवरसीएफजी, स्पेस, स्लॅश बॅटरीरिपोर्ट (powercfg /batteryreport) असं टाइप करा. एक पान तयार होतं. त्यात डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी असे दोन आकडे असतात, म्हणजे बॅटरी जन्मली तेव्हा किती पाणी मावायचं आणि आता किती मावतं. अर्ध्याच्या खाली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून कापून घ्या नाहीतर उठून या. मी हे नंतर शिकलो, म्हणजे पाहुणे गेल्यावर मोदक.

रेवदंड्याची आई

मी क्रोमबुक (विंडोजऐवजी गूगलची सिस्टीम असलेला लॅपटॉप) घेतलं, मुलीसाठी, २०२२ला. चांगलं आहे हो. उघडलं की आठ सेकंदांत सुरू, व्हायरसची कटकट नाही आणि २०२१पासूनच्या मॉडेलांना दहा वर्षं अपडेट मिळतात असं गूगलने जाहीर केलंय. त्यात ती दहा वर्षं मॉडेल बाजारात आल्यापासून मोजतात, आपण विकत घेतल्यापासून नाही, तेव्हा धूळ खात पडलेला जुना पीस स्वस्त मिळाला म्हणून नाचू नका, सेटिंगमध्ये तारीख दिसते ती बघा.

मला ते आवडण्याचं कारण वेगळंच आहे. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्याकडे माड, सुपारी, विजेचे खांब सगळं आडवं. किती दिवस अंधारात काढले ते सांगत बसत नाही, ज्यांनी काढलेत त्यांना माहितीय. त्यानंतर घरात येणारी प्रत्येक वस्तू मी एकच प्रश्न विचारून घेते, लाईट नसताना हिचं काय? क्रोमबुक टाइप-सीवर चार्ज होतं, गाडीतल्या चार्जरवर होतं, जरा ताकदीच्या पॉवर बँकेवर पण होतं. जुन्या गोल पिनवाल्यांना इन्व्हर्टरशिवाय गती नाही.

वाईट काय, तर घरातल्या जुन्या प्रिंटरशी त्याचं शेवटपर्यंत पटलं नाही. आणि रेंज गेली की ते अर्धं आंधळं होतं, फाइली आधी ऑफलाइन करून ठेवाव्या लागतात आणि ज्या दिवशी ठेवत नाही नेमकी त्याच दिवशी रेंज जाते. बीकॉमवालीला देऊ नका, टॅली नाही चालणार.

शिक्का-सही (मंडणगड)

दाखले, फॉर्म भरायचं काम करतो. दोनच ओळी. डिजिटल सहीचा डोंगल, अंगठ्याचं मशीन, यांचे ड्रायव्हर विंडोजवर बसतात, दुसरीकडे डोकं फोडू नका. आणि नवीन पातळ लॅपटॉपना दोनच पोर्ट असतात, एकात माऊस गेला एकात चार्जर, डोंगल काय कानात घालू?

तांब्याची तार (चिपळूण)

मी दुरुस्ती करतो, सोळा वर्षं झाली. म्हणून थोडं लांबण लावतो.

२२ जुलै २०२१च्या पुरानंतर माझं दुकान स्वतःच गाळात होतं, ते उपसून झाल्यावर लोक लॅपटॉप घेऊन यायला लागले, पिशवीत, बादलीत, एक काकू तर सुपात घालून घेऊन आल्या, वर ऊन लागावं म्हणून. मशीन गेलं त्याचं कोणाला फारसं नव्हतं, आतल्या फाइली पाहिजे होत्या, हिशोब, लग्नाचे फोटो, थिसिस. ज्यांच्यात सुटी निघणारी एसएसडी, म्हणजे फाइली साठवायची डिस्क, होती त्यातल्या बऱ्याच मी काढून, स्पिरिटने धुऊन, वाळवून दुसऱ्या मशीनला लावून वाचल्या. जिथे चिप बोर्डावरच डकवलेली तिथे बोर्ड मेला की सगळंच मेलं, निदान माझ्यासारख्याच्या हातून तरी काही निघालं नाही. त्या काकूंचा तसलाच होता. सुंदर, हलका, चांदीच्या रंगाचा. मी नाही म्हटल्यावर त्यांनी तो परत सुपात ठेवला.

पूर सोडा, रोजचं बघू. खारी हवा सगळ्यात आधी तांबं खाते. चार्जिंगचा पोर्ट, की-बोर्डची पट्टी, रॅमचे दात. चालू असलेलं मशीन गरम असतं म्हणून आत ओल बसत नाही, पंधरा दिवस बंद ठेवलेलं मशीन पावसाळ्यात जास्त मरतं. मुंबईकरांचे गावच्या घरातले लॅपटॉप असेच जातात. ठेवायचाच तर स्टीलच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून, आणि पुड्या अधूनमधून बदलायच्या. तांदळात पुरू नका. पीठ आत जातं, मग मला आधी भात काढावा लागतो.

सुरंगीताईंचं पंख्याचं बरोबर आहे, बिनपंख्याचं मशीन समुद्राजवळ सुखी. पण त्याचा प्रोसेसर कमी ताकदीचा, आठदहा टॅब आणि सोबत टॅली म्हटलं की गळपटतो. पंखेवाला घेतलात तर दर दिवाळीला उघडून साफ करायला द्या, फार पैसे लागत नाहीत.

धातूच्या बॉडीवर हात ठेवला की झिणझिण्या येतात ते बहुतेक घराच्या अर्थिंगचं असतं, लॅपटॉप बदलून काय होणार. आणि वळीव गडगडायला लागला की चार्जर भिंतीतून काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. नेटची वायर असेल तर तीही.

माडाखालींना माझं सांगणं, एक्स२७०पेक्षा एक पिढी पुढे या. आठव्या पिढीचा प्रोसेसर, म्हणजे थिंकपॅड एक्स२८० किंवा डेलचा लॅटिट्यूड ७२९०. दोन्ही साडेबारा इंची, दोन्ही विंडोज ११ घेतात, दोन्ही टाइप-सीवर चार्ज होतात. एक्स२८०ची रॅम बोर्डावर डकवलेली आहे, मिळेल ती कायमची, म्हणून घ्यायचा तर ८ जीबीचाच. ७२९०ची रॅम बदलता येते. तुमच्या बजेटात ८ जीबी रॅम, २५६ जीबीची एसएसडी बसेल आणि नव्या बॅटरीपुरते पैसे उरतील. दोन बॅटऱ्यांची ती गंमत मात्र यांच्यात नाही, गुरुजी त्या बाबतीत नशीबवान.

सुरंगी (मालवण)

पुड्या नवीन चपलांच्या खोक्यातल्या चालतात का?

तांब्याची तार (चिपळूण)

चालतात, पण त्या तुमच्याकडे येईपर्यंतच दमलेल्या असतात.

खळ्यातली खाट (देवगड, इंजिनीअरिंग)

एक स्क्रीनचं कोणी बोललं नाही. ह्या जुन्या साडेबारा इंचींच्या पुष्कळ पीसमध्ये टीएन म्हणजे साध्या जातीचा पॅनल असतो, १३६६ बाय ७६८, मान जरा तिरकी केली की रंग उडतात. घरात चालतं, खळ्यात बसून काम करायचं म्हटलं तर स्वतःचं तोंड दिसतं. आणि एक्सेलमध्ये कॉलम मावत नाहीत, काकूंच्या ऑर्डरींचा तक्ता असेल तर डावीउजवी सरकवूनच जीव जाईल. फुल एचडी आयपीएसवाला (तिरकं बघूनही रंग टिकणारा) पीस मागा, त्याच मॉडेलमध्ये येतो, हजार-दोन हजार जास्त पडतात. वजनाला घाबरून अकरा इंची घेऊ नका, माझ्या बहिणीने घेतला, आता असाइनमेंटला माझाच ओढून नेते.

आजी विचारत होती की एवढे पैसे घालून लहानच कित्याक हाडतत. तिला म्हटलं तुझी अडकित्त्याची चंची लहानच असते ना.

माडाखाली (गुहागर तालुका)

धन्यवाद मंडळी. क्रोमबुक बाद, ३२ जीबीवाला बाद, घरात मतदान होऊन ७२९० नाहीतर एक्स२८० ठरलंय. हिचं म्हणणं नवा का नाही, लोक काय म्हणतील, तिला काकूंच्या सुपाची गोष्ट वाचून दाखवली. शनिवारी पोरीला कॉलेज सुटल्यावर चिपळुणात दोन दुकानं बघणार आहोत. बॅटरीचं समजलं, रॅमचं समजलं. ती बिजागरी कशी तपासायची तेवढं कोणीतरी सांगा, दुकानदारासमोर कडकन मोडली तर पंचाईत.

तांब्याची तार (चिपळूण)

टेबलावर ठेवून झाकण एका हाताने हळू उघडा, एका कोपऱ्याला धरून, मधोमध नको. बिजागरीजवळची पट्टी फुगल्यासारखी वर उचलली गेली किंवा दोन कोपरे मागेपुढे हलले तर तो पीस ठेवून द्या. मग उलटा करून खालचे स्क्रू मोजा, एखादा नसेल तर विचारा कुठे गेला. आणि टचपॅड वर आल्यासारखा वाटला तर खाली बॅटरी फुगलेली असते, तो चालू पण करायला लावू नका.